बांधणी-अवलंबित्व (सॉफ्टवेअर)

बांधणी-अवलंबित्व म्हणजे एखादी सॉफ्टवेअर लायब्ररी तिच्या मूळ संहितेपासून (सोर्स कोडपासून) यंत्रावर चालण्याजोग्या रूपात बांधून काढताना लागणारी, परंतु त्या लायब्ररीसोबत न येणारी साधने व घटक होत. संकलक अर्थात कम्पायलर, हेडर फायली, दुवा जोडणारा लिंकर आणि इतर लायब्रऱ्यांच्या विकसक-आवृत्त्या यांचा त्यांत समावेश होतो. यांपैकी एखादा घटक संगणकावर नसेल तर स्थापना मध्येच थांबते आणि पडद्यावर त्रुटिसंदेशांचा लांबलचक मजकूर उमटतो. हा दोष बहुधा स्थापित होऊ पाहणाऱ्या लायब्ररीचा नसतो. तिला हवी असलेली दुसरीच वस्तू अनुपस्थित असते.

या लेखात मुख्यतः पायथन या संगणकभाषेची व तिच्या पिप या स्थापना-साधनाची उदाहरणे घेतली आहेत. आज्ञा व संदेश उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीत टंकावे लागतात.

मराठी मजकुराशी असलेला संबंध

मराठीत काम करणाऱ्यास ही अडचण अधिक वेळा भेटते, आणि त्याचे कारण लिपीत आहे. देवनागरीची अक्षररचना, वर्णानुक्रम, शुद्धलेखन-तपासणी आणि छापील पानावरील अक्षरओळख ही कामे करणाऱ्या प्रमुख लायब्रऱ्या, म्हणजे अनुक्रमे हार्फबझ, आयसीयू, हनस्पेल आणि टेसरॅक्ट, या सी किंवा सी++ भाषेत लिहिलेल्या आहेत. पायथनमधून त्यांचा वापर करावयाचा तर मध्ये एक जोडलायब्ररी लागते, आणि ती अनेकदा वापरकर्त्याच्याच यंत्रावर बांधावी लागते. केवळ रोमन मजकूर हाताळणाऱ्याला यांतील बऱ्याच गोष्टींची गरजच पडत नाही.

वर्णानुक्रमाचे उदाहरण बोलके आहे. जळगाव जिल्ह्यातील यावल परिसराच्या बोलीतील शब्दांची अकारविल्हे सूची करावयाची आहे, असे समजू. 'केळ', 'केवडा' आणि 'केस' हे तीन शब्द पायथनच्या साध्या क्रमवारीला दिले, तर ते याच क्रमाने येतात. कारण युनिकोडमध्ये 'ळ' हे वर्णचिन्ह 'ल'च्या लगेच नंतर व 'व'च्या आधी बसवलेले आहे. मराठी वर्णमालेत मात्र 'ळ' हा 'ह'नंतर येतो. त्यानुसार क्रम 'केवडा', 'केस', 'केळ' असा हवा. केळीसाठी प्रसिद्ध असलेल्या तालुक्याच्या शब्दसूचीत 'केळ' हाच शब्द चुकीच्या जागी पडावा, हे बरे दिसत नाही. मराठीचा हा नियम आयसीयू या लायब्ररीला ठाऊक असतो. ती आयबीएम कंपनीने १९९९ मध्ये मुक्तस्रोत केली आणि २०१६ पासून ती युनिकोड कन्सॉर्शियमच्या छत्राखाली आहे. पायथनमधून तिचा वापर करू देणारी जोडलायब्ररी म्हणजे पायआयसीयू. सूची करू पाहणारा 'पिप इन्स्टॉल पायआयसीयू' ही आज्ञा देतो आणि येथेच बहुधा अडतो.

स्थापना कशी घडते

पिप प्रथम त्या संगणकाला जुळणारे बांधून तयार रूप शोधते. या तयार रूपास 'व्हील' म्हणतात. त्याची व्याख्या २०१२ मध्ये मांडलेल्या पेप ४२७ या प्रस्तावात आहे. पायथनच्या लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक भांडाराला पूर्वी गमतीने 'चीज शॉप' म्हणत. ते नाव माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीच्या एका प्रहसनावरून आले होते, आणि चीजच्या मोठ्या वाटोळ्या लादीला इंग्रजीत व्हील म्हणतात. चाकाशी या नावाचा संबंध नाही.

व्हील मिळाले तर ते केवळ उलगडून जागच्या जागी ठेवायचे असते; संकलकाची गरज नसते. ते न मिळाल्यास पिप मूळ संहिता उतरवून घेते व बांधणीस लागते. पायआयसीयूची स्थापना दीर्घकाळ याच दुसऱ्या मार्गाने होत आली आहे. कोणती आयसीयू वापरायची हे यंत्रागणिक बदलते, हे त्यामागील मुख्य कारण होय.

बांधणीच्या वेळी संकलकाला हेडर फायली लागतात. हेडर फाइल ही ग्रंथाच्या अनुक्रमणिकेसारखी असते: लायब्ररीत कोणकोणती कार्ये आहेत व त्यांना काय पुरवावे लागते, एवढेच तिच्यात नोंदलेले असते, प्रत्यक्ष मजकूर लायब्ररीच्या बांधीव फाइलीत असतो. डेबियन व उबुंटू या लिनक्स वितरणांत हे दोन भाग वेगवेगळ्या पॅकेजांत ठेवले जातात. उबुंटू २२.०४ मध्ये 'लिबआयसीयू७०' हे चालवण्यापुरते पॅकेज असते आणि हेडर फायली 'लिबआयसीयू-डेव्ह'मध्ये असतात. "आयसीयू तर आधीच बसवलेली आहे, मग सापडत कशी नाही?" या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. ग्रंथ घरात आहे, पण अनुक्रमणिका वेगळी बांधलेली असून ती आणलेली नाही.

संदेशाचे वाचन

पिपने अखेरीस छापलेल्या ओळी सर्वांत ठळक असतात आणि सर्वांत कमी उपयोगाच्या. व्हील बांधता आले नाही, उपप्रक्रिया अयशस्वी झाली, एवढेच त्या सांगतात. खरे कारण त्यांच्या वर, मजकुराच्या मध्यात दडलेले असते. 'एरर' हा शब्द जेथे पहिल्यांदा आला असेल ती ओळ गाठावी. पुढच्या डझनभर त्रुटी बहुधा त्या एकीच्याच संतती असतात.

त्या ओळीवरून बांधणी कोणत्या टप्प्यावर अडली ते कळते. पूर्वतयारीच्या टप्प्यावर पायआयसीयू 'प्लीज इन्स्टॉल पीकेजी-कॉन्फिग ऑन युअर सिस्टिम' असे सुचवते. पीकेजी-कॉन्फिग हे कोणती लायब्ररी कोठे आहे ते सांगणारे छोटे साधन आहे. याच संदेशात आयसीयूचा आवृत्तिक्रमांक हाताने पुरवण्याचा पर्यायही दिलेला असतो. नवशिके तो निवडतात आणि पुढच्या टप्प्यावर पुन्हा अडतात, कारण क्रमांक सांगितल्याने हेडर फायली येत नाहीत. पोस्टग्रेस या विदागाराची जोडलायब्ररी सायकोपीजी२ ही याच टप्प्यावर 'पीजी_कॉन्फिग एक्झिक्यूटेबल नॉट फाउंड' म्हणते; तिला 'लिबपीक्यू-डेव्ह' हवे असते.

संकलनाच्या टप्प्यावरील संदेश 'फेटल एरर' या शब्दांनी सुरू होतो, मग फाइलीचे नाव येते व शेवटी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. हा संदेश सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण काय नाही ते तो नावानिशी सांगतो. 'पायथन डॉट एच' नसेल तर 'पायथन३-डेव्ह' बसवावे. 'युनिकोड/' या उपनिर्देशिकेतील फाइल नसेल तर 'लिबआयसीयू-डेव्ह'. 'हनस्पेल डॉट एचएक्सएक्स' नसेल तर 'लिबहनस्पेल-डेव्ह'. संकलकच नसल्यास डेबियन-कुळात 'बिल्ड-एसेन्शियल' हे एकत्रित पॅकेज पुरते. फेडोरात या नावांच्या अखेरीस 'डेव्ह'ऐवजी 'डेव्हेल' येते.

जोडणीच्या टप्प्यावर लिंकर 'कॅनॉट फाइंड -एलआयसीयूआय१८एन' अशी तक्रार करतो. आरंभीचा 'एल' लायब्ररीचा निदर्शक असतो. 'आय१८एन' हा 'इंटरनॅशनलायझेशन' या इंग्रजी शब्दाचा संक्षेप असून पहिल्या व शेवटच्या अक्षरांमध्ये १८ अक्षरे असल्याने तो तसा पडला.

फाइलीच्या नावावरून पॅकेजचे नाव ओळखू येत नसेल तर अंदाज बांधण्याऐवजी शोधसाधन वापरावे. डेबियन व उबुंटूत 'एपीटी-फाइल सर्च' आणि फेडोरात 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' या आज्ञांपुढे फाइलीचे नाव दिले की ती कोणत्या पॅकेजात आहे ते कळते. वितरणाच्या स्वतःच्या भांडारात तीच लायब्ररी असेल तर 'एपीटी बिल्ड-डेप'ने तिची सर्व बांधणी-अवलंबित्वे एकदम आणता येतात; मात्र त्यासाठी मूळ संहितेची भांडारे आधी चालू करून ठेवावी लागतात.

पिप हे स्वतः का करत नाही

पिपचा अधिकार पायथनच्या क्षेत्रापुरता आहे. २०१६ च्या पेप ५१८ नुसार लायब्ररीचा लेखक 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल' या फाइलीत बांधणीसाठी लागणाऱ्या पायथन-लायब्रऱ्यांची यादी देतो, आणि पिप त्या एका तात्पुरत्या, विलग वातावरणात आणून ठेवते. आयसीयूसारखी प्रणालीतील लायब्ररी त्या यादीत लिहिण्याची सोय त्यात नाही. अशा बाह्य अवलंबित्वांची नोंद करता यावी यासाठी पेप ७२५ हा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला.

विलग वातावरणामुळे एक चमत्कारिक वाटणारी त्रुटीही उद्भवते. सायथन बसवलेले असूनही 'नो मॉड्यूल नेम्ड सायथन' असा संदेश येतो. वापरकर्त्याचे सायथन त्या तात्पुरत्या वातावरणाला दिसत नाही आणि लायब्ररीच्या लेखकाने ते यादीत लिहिलेले नसते. येथे चूक लेखकाचीच असते. 'नो-बिल्ड-आयसोलेशन' हा पर्याय देऊन काम भागते.

बांधणी टाळण्याचे मार्ग

पुष्कळदा बांधणीच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे असते. पिप जुने असेल तर व्हीलचे नवे प्रकार त्याला ओळखता येत नाहीत व ते विनाकारण मूळ संहितेकडे वळते. 'मेनीलिनक्स२०१४' हा प्रकार ओळखण्यास पिपची १९.३ किंवा नंतरची आवृत्ती लागते. याउलट पायथनची आवृत्ती अगदी ताजी असेल तर तिच्यासाठी व्हील अजून तयार झालेले नसते, आणि एक आवृत्ती मागे येणे सोयीचे ठरते. उबुंटूच्या भांडारातील 'पायथन३-आयसीयू' हे तयार पॅकेज किंवा कोंडा-फोर्ज या भांडारातील पायआयसीयू घेतल्यास संकलकाची गरजच उरत नाही. विंडोजवर 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड' हा संदेश आल्यास अनेक गिगाबाइटांची बांधणी-साधने उतरवण्यापूर्वी तयार व्हील आहे का हे पाहून घ्यावे.

जेथे इंटरनेट खंडित असते, तेथील शाळा-ग्रंथालयांतील संगणकांसाठी एका यंत्रावर 'पिप व्हील'ने बांधणी करून तयार फायली पेनड्राइव्हवरून नेता येतात व 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे पर्याय देऊन बसवता येतात. दोन्ही यंत्रांवर कार्यप्रणाली, पायथन आणि आयसीयू यांच्या आवृत्त्या जुळल्या पाहिजेत.

बांधणीनंतर उद्भवणारे दोष

स्थापना सुखरूप पार पडली तरी अवलंबित्व संपत नाही. आयसीयूच्या बांधीव फाइलींच्या नावात आवृत्तिक्रमांक गुंफलेला असतो. उबुंटू २०.०४ मध्ये आयसीयू ६६ होती, २२.०४ मध्ये ७० आली. कार्यप्रणाली अद्ययावत केली की जुन्या आयसीयूवर बांधलेली पायआयसीयू 'लिबआयसीयूआय१८एन डॉट एसओ डॉट ६६' ही फाइल उघडता येत नाही म्हणून थांबते. पुन्हा स्थापना करूनही दोष तसाच राहतो तेव्हा वापरकर्ता हवालदिल होतो. पिप एकदा बांधलेले व्हील आपल्या साठ्यात जपून ठेवते आणि पुन्हा तेच काढून देते. 'नो-कॅशे-डिर' व 'फोर्स-रीइन्स्टॉल' हे दोन्ही पर्याय एकत्र दिल्याशिवाय खरी बांधणी होत नाही.

टेसरॅक्टच्या बाबतीत जोडलायब्ररी टेसरओसीआर हिला बांधणीसाठी टेसरॅक्ट व लेप्टोनिका यांच्या हेडर फायली लागतात. पण त्या पुरवूनही मराठी पान वाचले जात नाही. मराठीची प्रशिक्षित विदा 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर' या वेगळ्या पॅकेजात असते. तिची उणीव बांधणीच्या वेळी कळतच नाही.

याहून अवघड प्रकार म्हणजे त्रुटिसंदेशच न देणारी उणीव. पिलो या चित्र-लायब्ररीने चित्रावर मजकूर लिहिता येतो. तिला झेडलिब व जेपेग अनिवार्य असतात. त्या नसतील तर बांधणी थांबते. देवनागरीची योग्य मांडणी करणारी राक्म मात्र ऐच्छिक मानली जाते. ती न सापडल्यास पिलो तिच्यावाचून निमूटपणे बांधली जाते आणि अक्षरचिन्हे संहितेतील क्रमानेच एकापुढे एक ठेवते. यावल तालुक्यातील 'किनगाव' हे नाव अशा पिलोने लिहिले तर वेलांटी 'क'च्या आधी न येता नंतर पडते आणि 'कनिगाव' असे वाचले जाते. 'न्हावी'तील जोडाक्षर फुटून 'न'चा पाय मोडलेला दिसतो. गावांच्या नावांच्या पाट्या, ओळखपत्रे वा प्रमाणपत्रे अशा रीतीने शेकड्यांनी तयार झाली तरी संगणकाच्या दृष्टीने सर्व काही यथास्थित असते.

पिलोच्या ८.२.० या आवृत्तीपासून तयार व्हीलमध्ये राक्म अंतर्भूत आहे. परंतु तिला लागणारी फ्रिबिडी ही लायब्ररी चालण्याच्या वेळी प्रणालीत शोधली जाते, आणि ती नसेल तर परिणाम तोच. म्हणून देवनागरीचे काम करण्यापूर्वी पिलोच्या 'फीचर्स' या विभागातील 'चेक' हे कार्य 'राक्म' या नावासह चालवून पाहावे. उत्तर 'फॉल्स' आले तर डेबियन व उबुंटूत व्हील वापरणाऱ्याने 'लिबफ्रिबिडी०' बसवावे. मूळ संहितेपासून बांधणाऱ्याने 'लिबराक्म-डेव्ह' आणून 'राक्म=इनेबल' हा बांधणी-पर्याय द्यावा; त्यामुळे राक्म न सापडल्यास पिलोची बांधणी निमूट पुढे न जाता त्रुटी दाखवून थांबते.