मंगळवार पाळणारें बंदर

पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाच्या किनाऱ्यावर, अक्रा या राजधानीच्या पश्चिमेस, एल्मिना नांवाचें शहर आहे. तेथील पांढरा किल्ला पोर्तुगीजांनीं १४८२ सालीं बांधावयास घेतला. १६३७ मध्यें तो डचांनीं जिंकला व १८७२ मध्यें इंग्रजांच्या ताब्यांत गेला. सोन्याच्या व्यापारासाठीं उभारलेल्या या वास्तूंत पुढें गुलाम कोंडले जात. पुष्कळ प्रवासी एवढा किल्ला पाहून परततात. परंतु त्याच्या पायथ्याशीं, बेन्या खाडीच्या मुखावर, जें मासळीचें बंदर आहे, तें पाहिल्यावांचून या शहराचा खरा परिचय होत नाहीं.

खाडीवरील पुलावर उभें राहिलें म्हणजे खालीं होड्यांची दाटी दिसते. प्रत्येक होडीचा तळ एकाच प्रचंड खोडांतून कोरून काढलेला असून वर फळ्या ठोकून तिच्या बाजू उंच केलेल्या असतात. त्यांवर रंगीत चित्रें व म्हणी रंगविलेल्या, आणि वर निशाणें फडकत असतात. पूर्वीं शीड व वल्हीं यांवर चालणाऱ्या या होड्यांना आतां मागें यंत्र लावतात.

होडी किनाऱ्यास लागली, कीं मासळी बायकांच्या ताब्यांत येते. तिची विक्री करणें, ती धुरावर सुकविणें, दूरच्या बाजारीं धाडणें, हा सर्व व्यवहार त्यांचा. त्यांच्या प्रमुख बाईस ‘कोंकोहेमा’ म्हणतात. भाव ठरवितांना तिच्या शब्दास मोठें वजन असतें. पुष्कळदां होडीच्या इंधनाचा खर्चही याच बायका आगाऊ देतात व त्या बदल्यांत मासळीवर पहिला हक्क मिळवितात. म्हणून होडी रिकामी आली, तर कर्ज दोन्ही घरांवर चढतें.

मंगळवारीं मात्र होड्या समुद्रांत जात नाहींत. तो समुद्रदेवतेच्या विसाव्याचा दिवस मानतात. त्या दिवशीं जाळीं सांधावयाचीं, होड्या दुरुस्त करावयाच्या, तंटे मिटवावयाचे. जुलईच्या पहिल्या मंगळवारीं ‘बाकातुए’ हा उत्सव होतो आणि खाडींत जाळें टाकण्यावरील बंदी विधिपूर्वक उठते.

हाच काळ मासळीच्या हंगामाचाही. जुलईपासून सप्टेंबरपर्यंत समुद्राच्या तळचें थंड व सकस पाणी वर येतें आणि त्यामागोमाग सार्डिनेला मासळीचे थवे किनाऱ्याजवळ येतात. कोंकणांतील तारली याच कुळांतली. गरिबाच्या ताटांतील ही मासळी आतां झपाट्यानें घटली आहे. होड्या वाढल्या, रात्रीं दिव्यांनीं मासे गोळा करून पकडण्याची बेकायदा रीत रुजली, आणि मोठीं जहाजें भर समुद्रांत गोठविलेल्या मासळीच्या लाद्या होड्यांना विकूं लागलीं. या चोरट्या धंद्याला ‘सायको’ म्हणतात. २०१७ सालीं त्यांतून सुमारें १ लाख टन मासळी उतरली, असा अंदाज आहे. आणि एल्मिना हें त्या उतारणीचें एक मुख्य ठिकाण होतें.

२०१९ सालीं सरकारनें होड्यांस प्रथमच महिनाभर मासेमारी बंद ठेवावयास लावली. २०२५ च्या कायद्यानें होड्यांसाठीं राखलेला पट्टा ६ सागरी मैलांवरून १२ मैलांपर्यंत वाढविला. समुद्राला विसांवा हवा, ही गोष्ट एल्मिनाच्या दर्यावर्दींस नवी नाहीं. हा नियम मोठ्या जहाजांनींही पाळला, तरच त्यांच्या मंगळवारचें चीज होईल.