गरम हवेला वाट द्या

संपादकांना वेगावर लेख हवा होता. उपनगरातली कॉलेजची मुलं शर्यतीची गाडी स्वतः बांधतात, त्यांच्यावर लिहा, असं ते म्हणाले. विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकीची ओरायन रेसिंग इंडिया, विलेपार्ल्याच्या संघवी महाविद्यालयाची डीजेएस रेसिंग आणि पवईची आयआयटी बॉम्बे रेसिंग ही त्यातली ठळक नावं. पण या गाड्यांची माहिती घेता घेता माझं मन वेगापेक्षा त्यांच्या रेडिएटरवरच जडलं.

या गाड्या जिथे उतरतात त्या स्पर्धेची हकिगत थोडक्यात सांगतो. फॉर्म्युला स्टुडंट या नावाने ती अनेक देशांत होते. तिचं मूळ अमेरिकेत 1980च्या सुमाराचं. आपल्याकडची फॉर्म्युला भारत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. एकूण गुण 1000. त्यातले सर्वांत जास्त गुण मिळतात ते सुमारे 22 किलोमीटरच्या सलग धावेला, आणि गाड्या गळतात त्याही तिथेच.

पेट्रोलच्या गाडीत बहुधा मोटरसायकलचं इंजिन असतं. चाकणला बनणारं केटीएमचं 373 सीसीचं इंजिन आपल्या मुलांच्या विशेष आवडीचं. मोटरसायकलवर त्याचा रेडिएटर पुढच्या चाकामागे, थेट वाऱ्याच्या तोंडी असतो. गाडीत मात्र इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे जातं. पुढे नाक, मग माणूस, त्याच्यामागे आगीपासून वाचवणारा पत्रा. इंजिनाला वारा मिळणार कुठून? म्हणून रेडिएटर बाजूच्या कप्प्यात बसवावा लागतो. हवा तिथे आपणहून येत नाही, तिला वळवून आणावं लागतं.

नवख्या टीमची पहिली समजूत अशी की तोंड मोठं केलं म्हणजे गाडी थंड राहील. पण हवा आळशी असते. रेडिएटरच्या बारीक फिनांमधून घुसण्यापेक्षा कडेच्या बोटभर फटीतून निसटणं तिला सोपं वाटतं. त्यामुळे खरं काम असतं ते फटी बुजवण्याचं. तोंडापासून रेडिएटरपर्यंतचा मार्ग हळूहळू रुंदावत न्यायचा, म्हणजे हवेचा वेग कमी होतो, दाब वाढतो आणि ती पूर्ण जाळीवर सारखी पसरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागची वाट मोकळी ठेवायची. तापलेली हवा फुगलेली असते, तिला बाहेर पडायला जास्त जागा लागते, आणि ती जागा बाहेरचा दाब कमी असेल तिथे हवी. ती नसेल तर पुढचं तोंड कितीही वाढवा, हवा आत शिरतच नाही. तोंडाशीच तुंबते आणि बाजूने निघून जाते.

हिशेबही पाहण्यासारखा आहे. मिनिटाला 20 लिटर पाणी फिरतंय आणि रेडिएटरमध्ये ते 8 अंशांनी थंड होतंय असं धरलं, तर सुमारे 11 किलोवॅट उष्णता बाहेर टाकली जाते. घरातले 2 किलोवॅटचे पाच-साडेपाच गीझर एकदम चालू ठेवावेत, तेवढी. ही उष्णता नेताना हवा 25 अंशांनी तापू द्यायची ठरवली, तर सेकंदाला 380 लिटरच्या आसपास हवा जाळीतून जायला हवी. वळणावळणांच्या मार्गावर गाडीचा सरासरी वेग ताशी 50 किलोमीटरच्या आगेमागे असतो, म्हणून पंखा हवाच. पण पंख्याचं कव्हर घट्ट बसवलं, की सरळ रस्त्यावर धावताना तेच वाऱ्याला अडवतं. मग कव्हरला रबरी झडपा लावतात. वेग वाढला की त्या उघडतात, कमी झाला की मिटतात. एवढीशी रबराची पट्टी, पण मला या गाडीतला सगळ्यांत हुशार भाग हाच वाटला.

नियमानुसार पाण्यात कूलंट घालायचं नाही, साधं पाणीच भरायचं. कूलंट रस्त्यावर सांडलं तर मागच्या गाड्या घसरतील, हे त्याचं कारण. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. त्याचा उत्कलनबिंदू मात्र कमी, म्हणून झाकणाच्या दाबावर सगळी भिस्त. उतू जाणारं पाणी धरायला किमान 0.9 लिटरचा डबाही सक्तीचा.

आणि मग येतो त्या लांब धावेतला थांबा. निम्मं अंतर झालं की इंजिन बंद करून ड्रायव्हर बदलायचा. वेळ फक्त 3 मिनिटं, आणि गाडीची दुरुस्ती करायची नाही. इंजिनावर चालणारा पाण्याचा पंप इंजिनाबरोबरच थांबतो. सिलिंडर हेडचा धातू तापलेलाच असतो आणि तिथलं पाणी जागच्या जागी उकळू लागतं. पंखा चालू असला तरी उपयोग नाही, कारण रेडिएटरमध्ये गरम पाणी येतच नाही. इंजेक्टरपाशी पेट्रोलही तापतं. नवा ड्रायव्हर बटण दाबतो आणि वर्षभराची मेहनत स्टार्टरच्या कण्हण्यावर येऊन ठेपते. ज्या टीमने विजेवर चालणारा वेगळा पंप बसवलेला असतो, ती इथे सुटते.

म्हणून या टीममध्ये कूलिंग सांभाळणाऱ्या मुलामुलींबद्दल मला मनापासून आदर वाटतो. इंजिन आणि चेसिसकडे सगळ्यांचं लक्ष असतं. हे काम मात्र आर्गन वेल्डिंगच्या गाळ्यात ॲल्युमिनियमच्या टाकीची गळती शोधण्याचं, होजच्या क्लिपा पुन्हा पुन्हा आवळण्याचं, गाडीच्या अंगावर लोकरीचे धागे चिकटवून हवा कुठे वळते याचं मोबाइलवर चित्रीकरण करण्याचं. धागा मागे सरळ राहिला तर ठीक, गोल फिरला तर तिथे हवा अडली आहे. संगणकावर प्रवाहाची रंगीत चित्रं आता सहज मिळतात. पण ती चित्रं कप्पा जसा आखला तशी असतात, आणि गाडीतला कप्पा हातोडीने जसा बसला तसा असतो.

काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. गरम इंजिन थांबवून पुन्हा सुरू करण्याचा सराव करायचा तर आधी 10-11 किलोमीटर सलग, शर्यतीच्या जोमाने धावायला हवं. मुंबईत त्यासाठी मार्ग नाही. जुहूच्या धावपट्टीवर एके काळी मोटारींच्या शर्यती होत, तो काळ गेला. कायमचे मार्ग चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोइडा इथे. कॉलेजच्या आवारात किंवा वाहनतळावर दोन-चार फेऱ्या होतात, इंजिन पुरतं तापायच्या आत सराव संपतो, आणि खरी परीक्षा थेट स्पर्धेतच होते. शिवाय जे शिकले ते पदवी घेऊन बाहेर पडतात. वहीत आकडे राहतात, पण कुठली फट का बुजवली हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

वीज आली म्हणून ही चिंता मिटणार नाही. आयआयटी बॉम्बेची टीम विजेच्या गाड्या बांधते, आणि तिथे नियम आणखी कडक: बॅटरीचे सेल 60 अंशांच्या वर जाता कामा नयेत. पाण्यापेक्षा सेल नाजूक. पाणी उकळायच्या कितीतरी आधी तिथे हद्द संपते. आणि उष्णता जिथे टाकायची ती हवा आणि सेल यांच्या तापमानातला फरक इतका कमी, की तिथे वाऱ्याची वाट आखणं अधिकच अवघड.

उपनगरात अजून काही कारखान्यांची आवारं आहेत, रविवारी सकाळी रिकामे राहणारे डांबरी वाहनतळ आहेत. सुरक्षेची चोख व्यवस्था ठेवून, कॉलेजच्या जबाबदारीवर, वर्षातून काही सकाळी ते या मुलांना मिळाले तर मोठं काम होईल. अशी जागा ज्यांच्या ताब्यात असेल त्यांनी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला एवढं जरूर कळवावं.