अवटु ग्रंथीचा कर्करोग : उपचार व स्त्रीची जननक्षमता

अवटु ग्रंथीचा (थायरॉइडचा) कर्करोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत सु. तिपटीने अधिक आढळतो व पुष्कळदा तो अपत्यप्राप्तीच्या वयातच उद्‌भवतो. पॅपिलरी व फॉलिक्युलर या त्याच्या नेहमीच्या प्रकारांत बहुसंख्य रुग्ण बरे होऊन दीर्घकाळ जगतात. साहजिकच पुढे मूल होईल की नाही, हा प्रश्न रुग्ण स्त्रीला व तिच्या कुटुंबाला फार सतावतो.

प्रथम शस्त्रक्रियेने ग्रंथी काढतात. तिच्यामुळे अंडकोशांना इजा होत नाही. रोग पसरण्याचा धोका असल्यास त्यानंतर किरणोत्सर्गी आयोडीन (आयोडीन–१३१) पोटात देतात. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’मध्ये (स्थापना १९६३) हा उपचार केला जातो. तारापूरचे अणुवीज केंद्र (१९६९) पालघर जिल्ह्यात असले, तरी हे आयोडीन तेथे तयार होत नाही. ते तुर्भे येथील ‘ध्रुव’ अणुभट्टीच्या साहाय्याने मिळवितात.

उपचारापूर्वी एक ते दोन आठवडे आहारातील आयोडीन कमी करावे लागते. सातपाटीसारख्या कोळी वस्तीत हे पथ्य जड जाते. कारण आयोडीनयुक्त मिठाबरोबरच पापलेट, बोंबील, सुकट अशी ताजी व सुकी समुद्री मासळीही वर्ज्य असते. पथ्य मोडल्यास उरलेल्या पेशी औषध पुरेसे शोषून घेत नाहीत. मात्रा पुन्हा द्यावी लागली, तर अंडकोशांवरील प्रारणाचा भारही वाढतो.

आयोडीन–१३१ चा अर्धायुकाल सु. ८ दिवस असतो. त्याचे बीटा किरण ऊतकात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात. गॅमा किरण मात्र दूरवर पोहोचतात. औषध रक्तातून फिरते आणि मूत्राशयात व आतड्यात साठते. ही इंद्रिये अंडकोशांच्या निकट असल्याने त्यांना थोडे प्रारण मिळते. म्हणूनच भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवी करण्यास व मलावरोध टाळण्यास सांगतात.

उपचारानंतरच्या पहिल्या वर्षात काही स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थोडे महिने थांबते. बहुधा ती आपोआप पूर्ववत होते. अंडसाठा दर्शविणाऱ्या हॉर्मोनाचे प्रमाण उतरते व पुढे अंशतः भरून येते. पस्तिशीनंतर ही घट अधिक जाणवते. ऋतुनिवृत्ती किंचित लवकर येऊ शकते. कायमचे वंध्यत्व मात्र नेहमीच्या मात्रांनी सहसा येत नाही. तेव्हा वांझपणाच्या भीतीने उपचार नाकारणे किंवा मुलीचे लग्न मोडणे यांस वैद्यकीय आधार नाही. मात्र वय अधिक असल्यास किंवा अनेक मात्रांची शक्यता असल्यास जननतज्ञाचा सल्ला अगोदरच घ्यावा.

खरा धोका वेळ चुकण्यात आहे. गर्भाची अवटु ग्रंथी सु. दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून आयोडीन शोषू लागते व या औषधाने ती नष्ट होऊ शकते. म्हणून गर्भ नसल्याची खात्री केल्यावाचून ते देत नाहीत. स्तनपान किमान सहा आठवडे आधी थांबवावे लागते व त्या बाळासाठी ते पुन्हा सुरू करता येत नाही. उपचारानंतर सहा ते बारा महिने गर्भधारणा टाळतात. कोरियातील एका मोठ्या पाहणीत (२०२०) सहा महिन्यांच्या आत गर्भ राहिलेल्या स्त्रियांच्या मुलांत जन्मजात व्यंगे अधिक आढळली. त्यानंतरच्या गर्भारपणांत तशी वाढ दिसली नाही.

ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सीनच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्या चुकल्यास अंडमोचनात बिघाड होतो, पाळी जास्त जाते व गर्भपाताचा संभव वाढतो. हा दोष पुष्कळदा किरणांच्या माथी मारला जातो. गर्भ राहताच गोळीची मात्रा बहुधा २५ ते ५० टक्क्यांनी वाढवावी लागते, म्हणून पाळी चुकल्याबरोबर रक्ततपासणी करावी. गर्भारपणात दिल्या जाणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमाच्या गोळ्या थायरॉक्सीनच्या शोषणात अडथळा आणतात. दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे.