यंत्राशीं इंग्रजी संवाद

आमची शाळा सोडून संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजांत गेलेले विद्यार्थी सुटींत भेटावयास येतात. त्यांच्याशीं इंग्रजीविषयीं बोलणें निघालें, कीं हल्लीं एका नव्या शिक्षकाचें नांव ऐकूं येतें. हा शिक्षक म्हणजे मोबाइलमधील संभाषण करणारें यंत्र, अर्थात् चॅटबॉट, होय. त्यांतील सुप्रसिद्ध 'चॅटजीपीटी' ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं लोकांपुढें आलें. आज वणी-पुसदच्या विद्यार्थ्यांनाहि तें परिचयाचें आहे.

विद्यार्थ्यांस त्याची एवढी ओढ कां? यंत्र हंसत नाहीं, हेंच खरें कारण आम्हांस दिसतें. ज्याच्या घरीं वऱ्हाडी, गोरमाटी किंवा कोलामी बोलतात, अशा मुलास वर्गांत इंग्रजी वाक्य उच्चारतांना व्याकरणापेक्षां मागील बाकावरील हंशाची धास्ती अधिक असते. मराठींत 'अ', 'ॲन', 'द' यांसारखीं उपपदें नाहींत. त्यामुळें 'आय सॉ डॉग' असें वाक्य सहज तोंडून निघून जातें. यंत्र तें दहा वेळां सुधारून देईल व अकराव्या वेळींहि त्रासणार नाहीं. इतकी सहनशीलता आम्हां शिक्षकांच्या ठायीं सदैव असते, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं!

परंतु हेंच यंत्र सबंध निबंधहि लिहून देतें, आणि घोटाळा होतो तो येथें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांस वाक्य प्रथम स्वतः जुळवावें लागे. त्या खटपटींतच भाषा अंगवळणीं पडे. आयता निबंध उतरवून घेणाऱ्याचा हात चालतो, डोकें स्वस्थ बसतें. गुण मिळतात, पण मुलाखतीच्या वेळीं तोंड उघडत नाहीं, अशी कबुली विद्यार्थीच देतात.

शिवाय, अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दापुढें कोणता शब्द येणें संभवनीय आहे, याचा अदमास बांधून हें यंत्र उत्तर देतें. इंग्रजी मजकूर विपुल असल्यामुळें त्याचें इंग्रजी सफाईदार असतें. पण चुकीची माहितीहि तें तितक्याच सफाईनें सांगतें.

आमची एक माजी विद्यार्थिनी रोज रात्रीं पांच इंग्रजी वाक्यें वहींत लिहिते. मग यंत्रास 'वाक्य सुधारूं नकोस, चूक कोठें आहे तेवढें दाखव,' असें सांगते व दुरुस्ती स्वतः करते. सकाळीं एस. टी.त तींच वाक्यें ती मैत्रिणीस बोलून दाखविते. मैत्रीण कधीं कधीं हंसते. हिचें बोलणें मात्र थांबत नाहीं.