कौले उतरवून पत्रे चढविताना

ठाणे जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात वसलेले नारपोली आज भिवंडी शहरात सामावले असून यंत्रमागांच्या कारखान्यांनी ते वेढले आहे. परंतु नारपोली काय किंवा भिवंडी तालुक्यातील एखादे आडबाजूचे खेडे काय, घराच्या छपराला तेथे दरवर्षी त्याच तीन परीक्षा द्याव्या लागतात. चैत्र-वैशाखात ऊन छप्पर तापविते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस त्यावरून वाहून जातो. आणि या दोन ऋतूंच्या सांध्यावर वादळी वारा त्याला उचलू पाहतो. उन्हाची व पावसाची काळजी प्रत्येक गृहस्थ घेतो. वाऱ्याचा विचार मात्र पुष्कळदा छप्पर उडाल्यावरच होतो.

बाझल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला व तेथून मंगलोरी कौल कोकणभर पसरले. अलीकडे मात्र अनेक घरांवरील कौले उतरवून तेथे पन्हाळी पत्रे चढविले जात आहेत. दरवर्षीच्या शाकारणीस माणसे मिळत नाहीत, माकडे कौले फोडतात, वासे-रिपांचे लाकूड महागले आहे. ही कारणे खरी आहेत. तेव्हा पत्रे घालू नयेत असे सांगण्यात अर्थ नाही. ते कसे घालावेत, हे सांगणे अगत्याचे आहे.

कौल आणि पत्रा यांतील भेद

एक चौरस मीटर छपरास सुमारे १५ मंगलोरी कौले लागतात व त्यांचे वजन ३५ ते ४५ किलो भरते. तेवढ्याच जागेवरील लोखंडी पत्र्याचे वजन अवघे ५ किलोंच्या आसपास असते. आता वाऱ्याचे बळ पाहा. ताशी १०८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ५५ किलो होतो. वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. हा वारा छपरावरून जाताना त्यास वर ओढतो, आणि दारे-खिडक्यांतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. कौल आपल्या वजनाने बसते; पत्रा बांधून ठेवावा लागतो. जोराच्या वादळात वळचणीची व आढ्याची कौलेही उडतात. परंतु कौलांच्या फटींतून आतील दाबास वाट मिळते. पत्र्याचे छप्पर सुटले तर वाशांसकट जाते आणि उडालेला पत्रा वाटेतील माणसाचा वा जनावराचा जीव घेऊ शकतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा या भागांतील असंख्य घरे एका दुपारीत उघडी पडली. भारतीय मानकांनुसार मुंबई परिसरातील बांधकामासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरतात. भिवंडी मुंबईपासून दूर नाही, हे ध्यानात ठेवावे.

आधी सांगाडा, मग आच्छादन

कौले उतरविल्यावर प्रथम लाकूड तपासावे. वाशांची भिंतीत गेलेली टोके ओलीने कुजतात व वाळवीने पोखरली जातात. टोकदार सळई सहज आत शिरली किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तो वासा बदलावा. कौलांच्या भारामुळे इतकी वर्षे जागेवर राहिलेला सांगाडा भार कमी होताच हलका होतो. म्हणून केवळ खिळ्यांवर विसंबू नये. आढ्याशी वासा, वाशाशी भिंतीच्या माथ्यावरील आडवे लाकूड आणि त्या लाकडाशी भिंत, असे तिन्ही सांधे लोखंडी पट्ट्यांनी व बोल्टांनी जखडावेत. साखळीचा एक दुवा कच्चा राहिला तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

छपराचा उतार सुमारे ३० अंशांचा, म्हणजे दर मीटर आडव्या अंतरास ६० सेंटिमीटर चढ, असा ठेवावा. त्याने पाणी झपाट्याने वाहते व सपाट छपरापेक्षा वाऱ्याची ओढही कमी होते. दुपाखी छपराहून चौपाखी छप्पर वादळात अधिक टिकते. वळचण अर्ध्या मीटरहून पुढे काढू नये, आणि पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधावे, म्हणजे पडवी गेली तरी घर राहते.

पत्रे बसविण्याची रीत

नैर्ऋत्येचा वारा पत्र्यांच्या जोडात शिरणार नाही अशा बेताने जोडांची तोंडे ठेवावीत. शेजारच्या पत्र्यावर निदान दीड पन्हळ आणि खालच्या पत्र्यावर निदान १५ सेंटिमीटर चढाव द्यावा. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगटात नव्हे. तेथून पाणी गळते. आकड्याखाली वाशर अवश्य घालावा. वळचणीस, आढ्यास व दोन्ही कडांस आकडे दुप्पट घालावेत, कारण पत्रा प्रथम तेथेच उचलला जातो.

पत्र्याखालील उष्मा कमी करण्यासाठी वरून पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा, आत बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे आणि छत व पत्रा यांमधील हवा खेळती ठेवावी.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांविषयी

कारखान्यांवरून उतरविलेले सिमेंटचे जुने पत्रे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास कर्करोग संभवतो. घरावरील असे पत्रे काढावयाचे झाल्यास ते ओले करून, न फोडता, नाकातोंडावर योग्य मुखवटा बांधून उतरवावेत. करवतीने कापू नयेत व चुरा कोरडा झाडू नये. अशा पत्र्यावर कधीही थेट पाय देऊ नये. तो अकस्मात फुटतो. फळी टाकूनच चालावे.

काम केव्हा करावे

मृग लागेपर्यंत अवकाश आहे, हा हिशेब आता धोक्याचा ठरला आहे. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून असली तरी २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला. २०२१ साली ‘तौक्ते’ वादळ १७ मे रोजी या किनाऱ्याजवळून गेले. अर्धवट राहिलेले छप्पर सर्वांत दुबळे असते. म्हणून शिमगा आटोपताच काम हाती घ्यावे व अक्षय्य तृतीयेपूर्वी शेवटचा आकडा आवळावा. एकदम सारे छप्पर न उघडता एकेक पाखे पुरे करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन पत्र्यांच्या दराबरोबर पट्ट्या, बोल्ट व आकडे यांचाही खर्च अंदाजपत्रकात धरला आहे की नाही, हे पाहावे. पैसे अपुरे असल्यास यंदा पडवी तशीच ठेवावी, पण सांधे कच्चे ठेवू नयेत. साऱ्या खर्चात पट्ट्या-आकड्यांचा वाटा लहान असतो. छप्पर मात्र त्यांच्यामुळेच जागेवर राहते.