रक्ताचा फेस

पावसाळ्यात कोल्हापूरचा कळंबा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी उतरतं आणि खाली पांढऱ्या फेसाचे पुंजके गरगरत राहतात. परतताना रविवारी मटणाच्या दुकानापुढची रांग काही चुकत नाही. तिथं एकदा बघितलं : बादलीत टाकलेलं काळीज तळाला गेलं, फुप्फुसाचा तुकडा मात्र वर तरंगत राहिला. दुकानदाराला त्याचं नवल नव्हतं. एकदा श्वास घेतलेलं फुप्फुस सहसा बुडत नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात फुप्फुस रक्ताच्या फेसापासून झालं, असं सांगितलं आहे. शरीरशास्त्र म्हणून ते चूक आहे. पण फेस हा शब्द नेमका सुचला कसा, याचं मला कौतुक वाटतं.

गर्भ चौथ्या आठवड्यात असतो तेव्हा पुढे अन्ननलिका होणाऱ्या नळीच्या पोटाकडच्या अंगाला एक कोंब फुटतो. तिथल्या पेशींत एनकेएक्स२-१ हे जनुक जागं झालेलं असतं. कोंबाच्या दोन फांद्या, उजवीकडे पुढे तीन खण, डावीकडे दोन, मग फांदीला फांदी. ती कुठं फुटायची हे नळी एकटी ठरवत नाही. भोवतीच्या मऊ ऊतीतून एफजीएफ१० नावाचं प्रथिन पाझरतं आणि नळीचं टोक तिकडे वळतं. १९६२ मध्ये उंदराच्या गर्भातली फुप्फुसाच्या टोकाभोवतीची ऊती काढून श्वासनळीला चिकटवली, तर जिथं फांदी यायचीच नाही तिथं ती आली. शेजार बदलला की पेशीचं नशीब बदलतं. हे प्रथिनच नसलेली उंदराची पिल्लं फुप्फुसाविना जन्मतात आणि लगेच मरतात.

फांद्यांचं काम सतराव्या आठवड्याच्या सुमारास बरंचसं उरकतं. खरी मेख पुढे आहे. चोविसाव्या आठवड्याच्या आसपास टोकांच्या पेशी दोन वाटांनी जातात. पहिल्या प्रकारच्या पेशी पापुद्र्यासारख्या पसरतात. वायुकोशाचा जवळजवळ ९५ टक्के पृष्ठभाग त्यांचा, हवेची देवाणघेवाण त्यांच्यातून. दुसऱ्या प्रकारच्या गुबगुबीत राहतात आणि पोटात कांद्याच्या पाकळ्यांसारखे चरबीचे थर साठवतात. हेच सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसाचा साबण. तो नसेल तर पाण्याच्या ताणानं वायुकोश प्रत्येक उच्छ्वासाला मिटतात आणि बाळाला दर वेळी पहिल्या श्वासाइतकाच जोर लावावा लागतो. १९५५ मध्ये रिचर्ड पॅटल यांना फुप्फुसातल्या फेसाचे बुडबुडे फुटतच नाहीत, हे खटकलं. तिथून हा धागा हाती आला. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की श्वासाच्या त्रासानं दगावणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा साबणच कमी असतो.

सातमाशी जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपल्या आज्या सांगत. पेशींना हे मान्य नाही. पोटातला प्रत्येक जादा आठवडा साबण वाढवतो.

हे घड्याळ पुढं सरकवता येतं, हे न्यूझीलंडच्या ग्रॅहॅम लिगिन्स यांना मेंढ्यांत दिसलं. स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेल्या कोकरांच्या फुप्फुसांत हवा शिरली होती. १९७२ मध्ये त्यांनी रॉस हॉवी यांच्यासह २८२ मातांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला : श्वासाचा त्रास २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला.

मग स्टेरॉइडचं हे इंजेक्शन गावोगाव का देऊ नये? सहा देशांत तसं करून बघितलं. त्यात भारतातली दोन ठिकाणं होती, नागपूर आणि आपल्या शेजारचं बेळगाव. २०१५ मध्ये आलेल्या निकालानं सगळ्यांना गप्प केलं. सर्वांत कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू हजारी २३.९ वरून २७.४ झाले. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ बायांचे दिवस मुळात भरत आलेले होते. शिवाय मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त दिसली. २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीनं आठवडे मोजून, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं. तेव्हा या अपुऱ्या दिवसांच्या बाळांतले नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले.

सगळं आठवड्यांवर अडतं. आमच्याकडं पाळी कधी चुकली विचारलं, तर अजूनही उत्तर सणावरून येतं : "बेंदराच्या पुढंमागं." आणि इथं बेंदूर दोन, कर्नाटकी आणि महाराष्ट्री, त्यांत जवळपास महिन्याचं अंतर.