चालण्याचीबी शर्यत राहते का जी?

शाळेत खेळाडूंची निवड कशी होते? शिट्टी वाजते, शंभर मीटर पळायचं, पहिले तीन संघात. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या!

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेतही असंच व्हायचं. पाचवीतली एक मुलगी दरवेळी शेवटून पहिली. निवड असली की ती झाडामागे जाऊन उभी राहायची. पण धानाच्या बांध्यांतून, धुऱ्याधुऱ्याने दोन किलोमीटर चालत येणारी हीच पोर शाळेत सगळ्यांच्या आधी हजर! सोबतच्या मुलांना तिला गाठायला पळावं लागे. मी विचारलं, "चालण्याच्या शर्यतीत उतरशील?" ती हसली, "चालण्याचीबी शर्यत राहते का जी, सर?"

राहते तर! १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती होती. महिलांसाठी १९९२ साली बार्सिलोनात सुरू झाली. मुख्य नियम दोनच. एक पाय सतत जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे. आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीर त्यावर सरळ येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. पंच नुसत्या डोळ्यांनी पाहतात. लाल कार्डं साठली की खेळाडू बाद! तरीही जगातले उत्तम पुरुष खेळाडू २० किलोमीटर अंतर ८० मिनिटांच्या आत चालतात.

मग असा खेळाडू ओळखायचा कसा? आपल्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी मुलं निवडताना उंची, वजन, ३० मीटर आणि ८०० मीटर धाव अशा चाचण्या घेतात. त्या हव्याच. पण चालणाऱ्याचं आणखीही काही बघावं लागतं. गुडघा सहज सरळ राहतो का? कंबर मोकळी फिरते का? पावलं भरभर पडतात का? दमल्यावर चाल बिघडते का? आणि शेजारचा पुढे गेला, तरी पळायचा मोह आवरतो का? हे एका शिट्टीत कळत नाही. आधी चाल शिकवावी, मग काही आठवडे बघावं.

उत्तर प्रदेशचा रामबाबू आधी मॅरेथॉन धावायचा. गुडघा दुखू लागला म्हणून चालण्याकडे वळला. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मंजू राणीबरोबर त्याने कांस्यपदक मिळवलं. प्रियांका गोस्वामीने शाळेत आधी जिम्नॅस्टिक्स केलं होतं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० किलोमीटर चालण्यात तिला रौप्यपदक मिळालं. म्हणजे पहिल्या खेळात जमलं नाही, तर सगळं संपत नाही.

पालकांनो, एक विनंती. लहान वयात लांब पल्ल्याची घाई नको. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, सगळं खेळू द्या. गुडघा दुखतो म्हणाली, तर थांबवा.

आमच्या त्या मुलीला अजून एकही पदक मिळालेलं नाही. पण निवडीच्या दिवशी आता ती झाडामागे जात नाही. रेषेवर येऊन उभी राहते.

तुमच्या वर्गात अशी कोणी आहे का? जरा बघा बरं!